शुश्रूषा करणाऱ्यांचा शीण



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो त्यांच्या गुणांचे वर्णन करून व्याख्यानाला प्रारंभ करावा असा या व्यासपीठाचा प्रघात आहे, आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो इतक्या अधिकारवाणीने पाळला आहे की त्यात भर घालण्याचे धाडस मी करीत नाही. त्या स्मृतीला वाहण्यासाठी मी एक विषय घेऊन आलो आहे. माझे आयुष्य सार्वजनिक रुग्णालयांच्या कक्षांत वैद्यक शिकविण्यात गेले. त्या काळात ज्या माणसांच्या आधारावर माझे सारे शास्त्र उभे होते, ज्यांनी माझ्या लेखी आज्ञा रात्रीच्या तीन वाजता प्रत्यक्षात उतरविल्या, त्या परिचारिकांना आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या इतरांना जो शीण येतो, त्याच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

शीण हा शब्द मी सवयीने वापरीत नाही. दिवसभराच्या श्रमाने शरीर थकते आणि झोपेने ते पुन्हा ताजे होते. तो थकवा कोणत्याही कष्टकरी माणसाच्या वाट्याला येतो आणि त्याची तक्रार करण्याचे कारण नाही. मी ज्याविषयी बोलतो आहे तो झोपेने जात नाही, सुट्टीने जात नाही, कित्येकदा नोकरी सोडूनही जात नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करीत असत. तेथे उत्साहाने येणारे तरुण स्वयंसेवक काही काळातच रिकामे, चिडखोर आणि कोरडे होऊन जातात, आणि जे सर्वांत तळमळीने आलेले असतात तेच सर्वांत आधी असे होतात, हे त्यांनी पाहिले आणि १९७४ साली त्यावर लिहिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक या विदुषींनी या अवस्थेचे मापन करण्याची रीत बसविली आणि तिची तीन अंगे सांगितली: भावनेचा साठा आटून जाणे, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे हा विश्वास नाहीसा होणे. आज सर्वत्र याला ‘बर्नआउट’ म्हणतात.

या तीन अंगांचा क्रम ध्यानात ठेवावा अशी माझी विनंती आहे, कारण आपल्याला, म्हणजे रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना, दिसते ते केवळ दुसरे. पहिले परिचारिकेच्या मनात घडते, तिसरे ती कोणाला सांगत नाही. आपल्यासमोर येते ती तुटक बोलणारी, मान वर न करणारी सिस्टर. आणि तिच्यावरून आपण साऱ्या व्यवसायाविषयी मत बनवून मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली, तेव्हा तिला रोग म्हटले नाही. दीर्घकाळ टिकलेल्या आणि योग्य रीतीने न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी, नोकरीशी निगडित अशी ही घटना आहे, असे म्हटले. माझ्या आजच्या साऱ्या प्रतिपादनाचा पाया हाच आहे. हा दोष परिचारिकेच्या मनाचा नाही, तिच्या धीराचा किंवा श्रद्धेचा नाही. तो कामाच्या रचनेचा आहे, आणि रचना बदलता येते. हे म्हणणे सोपे आहे, पण ते दाखवावे लागेल. म्हणून मी आपणांस प्रथम एका कक्षात घेऊन जातो.

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या शासकीय रुग्णालयाचा तीस खाटांचा स्त्रियांचा कक्ष डोळ्यांसमोर आणा. भारतीय परिचर्या परिषदेचा संकेत असा की अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी, आणि शिवाय रजेसाठी शेकडा तीस राखीव असाव्यात. पाचास एक या हिशेबाने तीस खाटांना सहा, आणि राखीव धरून आठ. ऐकावयास हे पुष्कळ वाटते. परंतु दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. आठ जणींनी आठवड्याचे सहा दिवस काम केले तर अठ्ठेचाळीस पाळ्या भरतात, म्हणजे दर पाळीला दोघी, क्वचित तिघी. सारी पदे भरलेली असताना, कोणी आजारी नसताना, कोणाच्या घरी लग्न अथवा मृत्यू नसताना, ही उत्तम अवस्था आहे. कागदावरचे पाचास एक हे प्रमाण कक्षात पाऊल ठेवताच पंधरास एक होते, आणि हे घडते ते कोणाच्याही कामचुकारपणाने नव्हे, साध्या भागाकाराने.

आता वास्तवाकडे या. आठांतील दोन पदे रिक्त आहेत. मागणीपत्र वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या कोणत्यातरी दफ्तरात पडून आहे. एक जण बाळंतपणाच्या रजेवर आहे. एकीला प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठविले आहे, पण हजेरीपटावर तिचे नाव येथेच आहे. उरल्या चौघी. चौघींच्या आठवड्याच्या चोवीस पाळ्या होतात आणि भरावयाच्या आहेत एकवीस. म्हणजे प्रत्येक पाळीला एक. आणि रुग्ण? खाटा तीस असल्या तरी सार्वजनिक रुग्णालयाला ‘जागा नाही’ असे म्हणून कोणाला परत पाठविता येत नाही, आणि पाठवूही नये. म्हणून दोन खाटांच्या मध्ये गादी पसरली जाते, व्हरांड्यात पसरली जाते, आणि डेंग्यूच्या अथवा काविळीच्या दिवसांत तीस खाटांच्या कक्षात पन्नास जणी असतात. खाटा मंजूर करणाऱ्या शासनाने जमिनीवरच्या रुग्णांसाठी परिचारिका मंजूर केलेल्या नसतात, कारण शासनाच्या लेखी जमिनीवर कोणी झोपलेलेच नसते.

रात्रीची पाळी अकरा तासांची धरू. अकरा तासांची मिनिटे सहाशे साठ. पन्नास रुग्णांत ती वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला तेरा मिनिटे येतात. एका संपूर्ण रात्रीतली तेरा मिनिटे.

या तेरा मिनिटांत काय बसवावयाचे ते पाहा. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांची नोंद. दहाची औषधे आणि सहाची औषधे. इंजेक्शने विरघळवून, हवा काढून, सावकाश देणे. सलाईन संपण्यापूर्वी बदलणे. सुजलेल्या हातातून सुई काढून दुसऱ्या हातात शीर शोधणे. लघवीची पिशवी मोजून रिकामी करणे. ज्या रुग्णाला स्वतःहून हलता येत नाही तिची दर दोन तासांनी कूस बदलणे, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतो. एखाद्या स्त्रीला रक्त चढवावयाचे असेल तर पहिली पंधरा मिनिटे तिच्याजवळ उभे राहून लक्ष ठेवले पाहिजे, असे आम्ही वर्गात शिकवितो, कारण प्रतिकूल परिणाम बहुधा त्या अवधीत दिसू लागतात. श्रोतेहो, पंधरा मिनिटे! जिच्याजवळ एका रुग्णासाठी साऱ्या रात्रीची तेरा मिनिटे आहेत, तिला आम्ही एका कामासाठी पंधरा सांगतो, आणि परीक्षेत तिने ते न लिहिल्यास गुण कापतो.

आणि यात अजून मृत्यू आलेला नाही. कक्षात एक मृत्यू झाला म्हणजे देह स्वच्छ करून बांधणे, केसपेपर पूर्ण करणे, प्रकरण पोलिसांचे असल्यास वर्दी देणे, नातेवाइकांना सावरणे, आणि शेजारच्या खाटेवरील भेदरलेल्या रुग्णाजवळ क्षणभर बसणे, यांत दोन तास सहज जातात. ते कोणाच्या तरी तेरा मिनिटांतूनच जातात. यात नवी भरती आलेली नाही. चादरी, उशा आणि उपकरणांची मोजदाद आलेली नाही, जी सकाळी ‘ओव्हर’, म्हणजे पुढच्या पाळीला ताबा, देताना जुळली नाही तर तिला घरी जाता येत नाही. आणि यात त्या वह्या आलेल्या नाहीत ज्या भरणे हे कारकुनाचे काम आहे, पण कक्षात कारकून नसल्यामुळे ते परिचारिकेच्या गळ्यात पडले आहे आणि आता तेथून कोणाला काढावेसेही वाटत नाही.

मग ती काय करते? जे कोणीही शहाणे माणूस करील तेच. ती निवड करते. औषध चुकू देत नाही, कारण त्याची नोंद असते; धीराचा शब्द चुकू देते, कारण त्याची नोंद नसते. घाबरलेल्या पोरसवद्या बाळंतिणीजवळ बसणे हे आपले काम आहे हे तिला पक्के ठाऊक असते, ती त्यासाठीच या व्यवसायात आलेली असते, आणि तरी ती तिच्याजवळून पुढे जाते. एकदा गेली, दोनदा गेली. वर्षभर, पाच वर्षे, रोज रात्री गेली. माझ्या मते शीण उत्पन्न होतो तो येथे. कष्टाने माणूस इतका मोडत नाही. जे करणे योग्य आहे ते स्पष्ट दिसत असताना, ते करण्याची विद्या हातात असताना, ते न करता पुढे जावे लागणे, आणि हे पुनःपुन्हा घडणे, याने माणूस मोडतो. ज्या विहिरीतून झऱ्याच्या वेगाहून अधिक वेगाने उपसा चालतो तिच्या तळाशी गाळच हाती लागणार. त्या गाळाला आपण ‘सिस्टरचा स्वभाव’ असे नाव देतो.

इझाबेल मेंझीस या विदुषींनी लंडनमधील एका मोठ्या अध्यापन रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की दुःख, मृत्यू आणि जबाबदारी यांच्या भाराने उत्पन्न होणारी चिंता सुसह्य व्हावी म्हणून संपूर्ण रुग्णालयानेच नकळत काही रीती निर्माण केल्या होत्या: एका रुग्णाची सारी शुश्रूषा एकीने न करता कामांचे तुकडे करून वाटणे, रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेवरून किंवा रोगग्रस्त अवयवावरून करणे, प्रत्येक लहान निर्णय तपासून पुन्हा वरिष्ठांकडे सोपविणे. यांपैकी आपल्याकडे काय नाही? ‘सात नंबरची शुगर घेतली का?’ हे वाक्य मी स्वतः सहस्रावधी वेळा उच्चारले आहे. या रीतींनी चिंता कमी होते असे वाटते. मेंझीस यांनी दाखविले ते असे की चिंता कमी होत नाही, मात्र कामातून मिळणारे समाधान नाहीसे होते, आणि चांगल्या, संवेदनशील विद्यार्थिनी सोडून जातात. म्हणून एखादी सिस्टर आपल्याशी रूक्षपणे वागली, तर आपणांस राग येणे स्वाभाविक आहे, रुग्णाच्या नातेवाइकाने तो गिळावा असे मी म्हणणार नाही. पण तो रूक्षपणा हे लक्षण आहे, आणि लक्षणाला शिक्षा करून कोणताही विकार बरा झाल्याचे मला माहीत नाही.

कोणी विचारील, परिचारिकेच्या मनाचे जे व्हावयाचे ते होवो, पण रुग्णाच्या जिवाशी याचा काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची पाहणी करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, प्रत्येक परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत गेला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा संभव प्रत्येक वाढीव रुग्णामागे शेकडा ७ ने वाढत होता. आणि त्याच एका रुग्णामागे परिचारिकेला बर्नआउट येण्याचा संभव शेकडा २३ ने वाढत होता. तेथे चर्चा चालली होती ती चारांऐवजी सहा, सहांऐवजी आठ रुग्णांची. आपल्या पन्नासांच्या कक्षाला ते आकडे जसेच्या तसे लावणे शास्त्रीय होणार नाही, आणि मी लावीत नाही. दिशा मात्र एकच आहे. जे तिला झिजविते तेच रुग्णाला मारते. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून आणि २००४ पासून तो अमलात आणून परिचारिकेमागे रुग्ण किती असावेत याची कमाल मर्यादा ठरविली. सामान्य कक्षात ती पाच आहे, अतिदक्षता विभागात दोन. तेथे ते प्रमाण कायद्याने बांधलेले आहे. आपल्याकडे संकेत आहेत, समित्यांच्या शिफारशी आहेत, परंतु प्रमाण मोडल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याला जाब विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

रात्रीविषयी एक-दोन वाक्ये बोलून पुढे जातो. रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात केली आहे, प्रथम २००७ साली आणि फेरतपासणीनंतर २०१९ साली. आणि आपली परिचारिका रात्रपाळी आटोपून कर्जतची अथवा पालघरची गाडी पकडून घरी पोहोचते तेव्हा तेथे झोप तिची वाट पाहत नसते. मुलांचे डबे असतात, आलेली पाहुणी असते, आणि दोन खोल्यांच्या घरात दिवसाढवळ्या झोपलेल्या सुनेकडे पाहणाऱ्या नजरा असतात. याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

येथे इतिहासात थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण या दुःखाचे एक मूळ आपल्या आदरभावनेतच आहे. महाराष्ट्राला शुश्रूषेचा वारसा थोर आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असता देह ठेवला. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले, आणि रमाबाई रानड्यांच्या प्रेरणेने तेथील स्त्रिया, ज्यांत विधवा पुष्कळ होत्या, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्या काळी परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, हे सारे कुलीन स्त्रीला निषिद्ध होते. त्या निषेधाला ओलांडावयाचे तर या कामाला सेवेचे, व्रताचे, पावित्र्याचे वस्त्र नेसविणे भाग होते. रमाबाईंनी ते केले आणि योग्य केले. त्यावाचून एकही घर आपल्या मुलीला पाठविते ना.

पण जे वस्त्र त्या मुलींचे संरक्षण करीत होते तेच पुढे त्यांचे बंधन झाले. व्रत करणारीने वेतन मागू नये. देवदूताने पाळी संपल्यावर घड्याळ पाहू नये. सेविकेने संप करू नये. आपण त्यांना वंदनीय म्हणालो आणि हिशेबाच्या वहीतून त्यांची नावे पुसली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जन्मतारीख, १२ मे, आपण परिचारिका दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी दिवे लावले जातात, शपथ घेतली जाते, पुढारी येऊन पुष्पगुच्छ देतात. परंतु नाइटिंगेलबाईंचे खरे शस्त्र दिवा नव्हता, आकडे होते. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. सैनिक जखमांनी किती मरतात आणि घाणीतून पसरणाऱ्या रोगांनी किती, हे त्यांनी आकृत्या काढून मंत्र्यांसमोर ठेवले आणि त्या आकृत्यांनी शासनाला हलविले. आज त्या असत्या तर १२ मे रोजी पुष्पगुच्छ देणाऱ्या मंत्र्याला त्यांनी प्रथम काय विचारले असते? ‘तुमच्या कक्षात रात्री किती रुग्ण आणि किती परिचारिका असतात?’ मला तरी यात संशय वाटत नाही.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने नाइटिंगेल यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त परिचारिकांचे आणि दायांचे वर्ष म्हणून घोषित केले होते. त्याच वर्षी महामारी आली. त्या वर्षी आपण काय केले? थाळ्या वाजविल्या. आणि त्याच आपल्या समाजातील काही घरमालकांनी त्याच परिचारिकांना खोली सोडण्याचा तगादा लावला. संरक्षक पोशाखात सहा-सहा, आठ-आठ तास पाण्याचा घोट न घेता आणि लघवीला न जाता ज्या उभ्या राहिल्या, त्यांना त्या वर्षानंतर विश्रांती मिळाली नाही. कित्येक ठिकाणी महामारीपुरत्या घेतलेल्या कंत्राटी भगिनींना कामावरून कमी करण्यात आले, आणि उरलेल्यांनी तेवढेच काम पुन्हा उचलले.

मग २०२१ साल उजाडले. त्या वर्षाच्या ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला रात्री आग लागली आणि दहा बालके दगावली. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मृत्यू पावले. या दोन घटनांतील दुःखाविषयी मी बोलू शकत नाही. तो अधिकार त्या मातापित्यांचा आणि त्या कुटुंबांचा. मला बोलावयाचे आहे ते कारवाईविषयी. भंडाऱ्यात कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या. अहमदनगरला पोलिसांनी अटक केली त्या चौघींत एक वैद्यकीय अधिकारी होती आणि तीन परिचारिका. त्यांचा वैयक्तिक दोष किती हे ठरविणे न्यायासनाचे काम आहे आणि त्यात मी हात घालीत नाही. परंतु विजेच्या तारा कोणी बसविल्या, अग्निशमनाची व्यवस्था कोणी मंजूर केली आणि कोणी रखडविली, एका परिचारिकेवर किती खाटा सोपविल्या, हे प्रश्न ज्यांना विचारावयाचे ती माणसे कक्षात नसतात. कक्षात असते ती परिचारिका. अधिकार वर राहतो, दायित्व खाली उतरते. या दोन घटनांनंतर महाराष्ट्रातील प्रत्येक शासकीय रुग्णालयात रात्रपाळीला उभ्या असलेल्या परिचारिकेने मनाशी काय म्हटले असेल? जी व्यवस्था माझ्या हातात नाही तिच्यासाठी मला बेड्या पडू शकतात, हे ज्ञान उराशी घेऊन बालकाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणे ही शिणाची एक नवी जात आहे, आणि तिचे मापन अजून कोणी केलेले नाही.

भीती केवळ कायद्याची नाही. अरुणा शानभाग या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, तिच्या स्वतःच्या कामाच्या जागी, अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची शुश्रूषा केली आणि तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांच्या या सेवेचा गौरव केला. या हकिकतीचे आपण सर्वजण कौतुक करतो. पण त्या हल्ल्यानंतर परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता, हे किती जणांच्या स्मरणात आहे? सेवा लक्षात राहिली, मागणी विसरली गेली. २०१० साली महाराष्ट्राने वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात प्रदीर्घ पाळीनंतर विसावलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा रात्री काम करणाऱ्या स्त्रीला दार आतून लावता येईल अशी एक खोलीसुद्धा पुष्कळ रुग्णालयांत नाही, हे देशाला पुन्हा नव्याने कळले.

हा शीण परिचारिकांपुरता नाही. निवासी डॉक्टरांचे छत्तीस-छत्तीस तास, गावोगाव फिरणाऱ्या ‘आशा’ भगिनी, उपकेंद्रातील एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, कक्षातल्या मावशी आणि मामा, यांतील प्रत्येकाचे स्वतंत्र व्याख्यान होईल. एवढेच नमूद करतो की उपकेंद्र मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक असावे असा नियम आहे, आणि त्या साऱ्या लोकवस्तीच्या लसी, बाळंतपणे, सर्वेक्षणे आणि आता त्यांच्या भ्रमणध्वनीवरच्या नोंदी एक-दोन स्त्रिया सांभाळतात. ‘आशा’ भगिनींचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सन्मान केला. पुढच्याच वर्षी मोबदल्यासाठी त्यांना महाराष्ट्रात संप करावा लागला.

आता एका आक्षेपाचा विचार करू, कारण तो नेहमी जबाबदार माणसांकडून येतो. ‘परिचारिका आहेत कोठे? मिळतच नाहीत.’ देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीच्या वेळी हे उत्तर खरे होते. तेव्हा या अवाढव्य देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. आज हा देश आखाती राष्ट्रांना, इंग्लंडला आणि जर्मनीला परिचारिका पुरवितो. मुंबईच्या रुग्णालयांचा भार कित्येक दशके केरळच्या कन्यांनी वाहिला आहे. शिकलेल्या मुली आहेत. त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहेत, आज ना उद्या कायम होऊ या आशेवर. किंवा खासगी रुग्णालयांत अल्प वेतनावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने स्पष्ट सांगितले की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने शासकीय वेतनाइतके वेतन द्यावे, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही वीस हजारांहून कमी देऊ नये. आपल्या गावातील नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या मुलीला काय मिळते, हे आपण विचारून पाहावे. २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांचे हाल झाले म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना दोष दिला. हाल झाले हे खरे. पण त्या ज्याविरुद्ध झगडत होत्या त्यामुळे रोज होणाऱ्या हालांची बातमी कोणी छापीत नाही, कारण ते रोजचे असतात.

उपाय म्हणून हल्ली ध्यानाची शिबिरे, योगवर्ग आणि ताणव्यवस्थापनाच्या कार्यशाळा भरतात. योगाविषयी मला आदर आहे. पण जिच्यापाशी एका रुग्णासाठी तेरा मिनिटे आहेत तिला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शिबिराला बोलावून प्राणायाम शिकविणे म्हणजे दोष तिच्या श्वासात आहे असे सांगणे होय. माझ्या मते कामे निराळी आहेत आणि त्यांचा क्रम हा असा. परिचारिकेमागे रुग्णांची कमाल मर्यादा राज्याच्या कायद्याने ठरावी, आणि ती मंजूर खाटांवर नव्हे, त्या रात्री प्रत्यक्ष असलेल्या रुग्णांवर मोजली जावी. रिक्त पद विवक्षित मुदतीत न भरल्यास त्याचे उत्तर देण्याचे दायित्व एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्यावर असावे. वह्या, मोजदाद आणि इंडेंट यांसाठी प्रत्येक कक्षाला कारकून मिळावा. याला फारसा खर्च नाही आणि याने परिचारिकेचे कित्येक तास रुग्णाकडे परत येतील. सलग रात्रपाळ्यांनंतरची विश्रांती हा हक्क असावा, इनचार्ज सिस्टरच्या मर्जीचा प्रश्न नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की अधिसेविकेला, म्हणजे मेट्रनला, ‘आज माझ्या कक्षात इतक्याच रुग्णांची सुरक्षित शुश्रूषा होऊ शकते’ असे लिहून देण्याचा अधिकार असावा, आणि तसे लिहून दिल्यानंतर काही अनर्थ घडल्यास त्याचा जाब तिला न विचारता ते पत्र ज्याच्या मेजावर पोहोचले त्याला विचारला जावा. आजच्या मेट्रनला पाळ्या लावण्याचा अधिकार आहे, परंतु नाही म्हणण्याचा नाही.

यांतील बहुतेक गोष्टी शासनाच्या हातातील आहेत, आणि आपण सभागृहात बसलेली माणसे काय करू शकतो असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. एक गोष्ट करू शकतो. शासकीय रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर नागरिकांचे प्रतिनिधी असतात. प्रत्येक कक्षाच्या दारावर एक फलक लावावा, आणि त्यावर दर पाळीला खडूने दोन आकडे लिहावेत: या क्षणी कक्षात रुग्ण किती, आणि परिचारिका किती. एवढी मागणी आपण त्या समितीपुढे ठेवू शकता. त्याला कायद्याची आवश्यकता नाही, अंदाजपत्रकाची नाही. समितीने नकार दिला तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे; गेल्या सहा महिन्यांच्या रात्रपाळीचे हजेरीपट आणि त्याच रात्रींची रुग्णसंख्या मागवा, आणि भागाकार स्वतः करा. आलेला आकडा आपल्या आमदारांना पाठवा. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पाठवा.

व्याख्यानमालेच्या चालकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. मागच्या रांगेत काही परिचारिका बसलेल्या मला दिसत आहेत; त्यांतील दोघींना नऊ वाजता रात्रपाळीवर रुजू व्हावयाचे आहे असे मला सांगण्यात आले. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर प्रथम त्यांनी बोलावे, आणि मी जेथे चुकीचे सांगितले असेल तेथे मला दुरुस्त करावे.